मारेगावची लाट

९ एप्रिल
चिन्ह मिळालं: काठी. बाकीचे अपक्ष कुकर आणि शिट्टीवरून भांडत बसले. बसू देत. मुलींच्या वसतिगृहात रेक्टर होते तेव्हापासून काठी आणि मी एकमेकींना ओळखतो. आता यवतमाळ-वाशिममधून रत्नप्रभाबाई थेट दिल्लीत. प्रचारप्रमुख वाहिद, बसस्टँडमागचा मेकॅनिक. ऑटो त्याचा, भोंगाही त्याचाच.
संकल्प: प्रचारात कुणावर हात उचलायचा नाही.

१२ एप्रिल, राळेगाव
संकल्प पाळला. हात नाही, काठी उचलली. एका पक्षाचा कार्यकर्ता माझ्या पत्रकात भजी घेऊन खात होता. कानशिलावर एकच दिली. रक्त आलं, पण थोडं. त्याच्या दोस्तांनी वाहिदला ऑटोतून ओढून तुडवला. समोरचा दात गेला. म्हणजे विरोधक घाबरले.

१५ एप्रिल
वाहिदची बायको जोहराबी आली. चहाला हात लावला नाही.
"बाई, तुमाले खासदार व्हायचं हाये, व्हा. मले माहा माणूस साबूत पाह्यजे. त्याच्या हातावर आमचं घर चालते."
हिला राजकारण कळत नाही. यजमान श्रीकृष्णराव म्हणाले, बरोबर बोलून राह्यली ते. यांनाही कळत नाही. मारेगावची सभा शेवटची, असं वचन देऊन तिला वाटेला लावलं.

१६ एप्रिल, मारेगाव
लाट आहे. स्पष्ट लाट. बाजारात बांबूच्या काठ्या वाटल्या, चिन्ह लक्षात राहावं म्हणून. राळेगावात पत्रक घेईनात, इथे एकेकाने दोन-दोन नेल्या. वाहिद सारखा कानाशी येऊन काही सांगत होता. भाषणाच्या आधी मला कटकट चालत नाही, गप्प बसवलं.
भाषण रंगात आलं आणि समोरच्या दोन टोळक्यांची जुनी खुन्नस निघाली. काठ्या हातात होत्याच. डोकी फुटली, रसवंतीच्या काचा फुटल्या, भोंगा खाली आला. एक काठी माझ्या डोक्यावर येत होती, वाहिदने हात मध्ये घातला. हाड मोडल्याचा आवाज माइकवरून सगळ्या बाजाराने ऐकला.
जनतेत ऊर्जा आहे. दिशा मी देईन.

१७ एप्रिल
दिवसभर पोलीस ठाण्यात. ठाणेदार विचारत होता, मारेगावात सभा घेतलीच कशाला? म्हणे मारेगाव जिल्ह्याने यवतमाळचं, पण लोकसभेला मत देतं चंद्रपूरच्या जागेसाठी. मी राज्यशास्त्र घेऊन बी.ए. आहे, असं त्याला ऐकवलं. घरी येऊन नकाशा पाहिला. नकाशा चुकीचा काढला आहे. यजमान म्हणाले, वाहिद तुला तेच सांगत होता. मग जोरात सांगायचं.
उद्या त्याला भेटून यायचं.

२३ एप्रिल
एकटीने पदयात्रा. एकाने दगड मारला. मी परत मारला. माझा लागला. वाहिदकडे जाणं राहिलं. उद्या.

२६ एप्रिल, मतदान
राळेगावच्या केंद्रावर एका पोलिंग एजंटने मला "आजी, घरी जा" म्हटलं. त्याचं नाक तुटलं असावं, मला थांबून बघू दिलं नाही. मतदान संपेपर्यंत पुन्हा ठाण्यात. माझं स्वतःचं मत राहिलं. हरकत नाही. आमच्या केंद्रावर यजमान आहेत, वाहिद आहे, जोहराबी आहे.

१० मे
आज वाहिदकडे नक्की जाणार होते. विजयानंतरच्या आभाराचं भाषण लिहायला घेतलं आणि दिवस गेला. भाषणात त्याचा उल्लेख आहे.

४ जून
पडले. ते एक वेळ समजू शकते. पण आमच्या स्वतःच्या केंद्रावर शून्य?
यजमानांना फैलावर घेतलं. ते म्हणाले, त्या दिवशी ते मतदानाला गेलेच नव्हते. वाहिद आणि जोहराबीसोबत नागपूरच्या दवाखान्यात होते. जखम सडली होती. हात कोपरापासून कापावा लागला.
मी विचारलं, कुठला हात?
यजमान म्हणाले, "तू तर समोरच होतीस."