मीटर ताईला मिळावं म्हणून

लिहून ठेवणार: वरच्या अर्जात ज्याचं पूर्ण नाव दिलं आहे तो मी, घरी भोवरा या नावाने ओळखला जाणारा. वय जन्मदाखल्याप्रमाणे सव्वीस, प्रत्यक्षात अठ्ठावीसला टेकलेलं. फरकाचा खुलासा कलम तीन ते पाचमध्ये. धंदा: मिळेल तो; उद्यापासून उंच मनोरे रंगवणं.

माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणी धमकावलेलं नाही की फूस लावलेली नाही. कंपनीचा मात्र नियम आहे की पहिल्यांदा वर चढण्याआधी प्रत्येकाने मृत्युपत्र लिहून द्यायचं, तेव्हा थोडं दडपण आहे, पण ते सगळ्यांवर सारखंच आहे. कारकूनबाईंनी छापील नमुना दिला होता. त्यात मालमत्तेसाठी तीन ओळी होत्या. मी म्हणालो, "बाई, तीन ओळींत माझं नुसतं मीटरसुद्धा बसणार नाही." त्यांनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा पुढे ढकलला आणि म्हणाल्या, "लिहा काय लिहायचंय ते. पण पाच वाजता ऑफिस बंद होतं."

खरं सांगायचं तर या सगळ्या लिखाणाचं कारण एकच आहे. माझ्याकडे एक मीटर आहे, त्यात तासभर शिल्लक आहे आणि ते माझ्या थोरल्या बहिणीला मिळायला हवं. ताई गेली तीन वर्षं माझ्याशी बोलत नाही. हातात द्यायला गेलो तर ती घेणार नाही. मेल्यावर दिलेलं तरी घेईल, असा माझा अंदाज आहे. बाकीची कलमं मृत्युपत्र रिकामं दिसू नये म्हणून.

कलम १. माझी पाठीवरची पिशवी, दोन शर्ट, एक जाड जॅकेट आणि बूट ज्याला बसतील त्याने घ्यावेत. डावा बूट पाण्यात बोलतो. हे बूट मी बंदरावर हमाली केली तेव्हा घेतले, म्हणजे त्याआधी छापखान्यात होतो आणि त्याच्याआधी सर्कशीचा तंबू ठोकायला. सर्कशीत एक बाई होती, ती फक्त घोड्यांशीच बोलायची, माणसांशी नाही, आणि एकदा तिने मला... पण ते इथे नको. कारकूनबाई घड्याळ बघताहेत.

कलम २. बाबांचं दुकान. बाबा रेडिओ आणि पंखे दुरुस्त करायचे. रस्त्याकडे तोंड करून दुकान, त्याच्या मागे दोन खोल्या, मधे पडदा. बाबांच्या हत्यारांपैकी तारांना डाग द्यायची सोल्डरिंग गन आणि चिमटे माझ्या वाट्याला आले, ते मी भावोजींना देतो. ते चारचाकी चालवायला शिकवतात आणि त्यांच्या गाडीतलं काही ना काही कायम तुटलेलं असतं.

समोरच्या किल्लीवाल्याला बाबांच्या बारीक स्क्रू ड्रायव्हरांची पेटी द्यावी. पेटीत आठ खाचा आहेत आणि सात ड्रायव्हर. आठवा त्यानेच "पाच मिनिटांत देतो" म्हणून नेला, तेव्हा मी सहावीत होतो. बाबा दर आठवड्याला त्याला हाक मारून विचारायचे, "अहो, झाली का पाच मिनिटं?" आणि तो दुकानातूनच ओरडायचा, "होतच आली!" दोघं हसायचे. मला तेव्हा राग यायचा. आता पेटी त्याच्याकडेच गेली की आठही एका जागी येतील. त्याने उघडताना माझी आठवण काढावी, एवढाच माझा सूड.

कलम ३. मीटर म्हणजे काय, ते इथे सांगतो, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

ते टॅक्सीचं जुनं मीटर आहे, पोलादी डब्याचं, वर झेंडीसारखा खटका असलेलं. एक टॅक्सीवाला दुरुस्तीला देऊन गेला आणि परत आलाच नाही. बाबांनी त्यात रेडिओचे काही भाग घातले, कशासाठी ते त्यांनाही नंतर सांगता येईना. एके सकाळी त्यांनी झेंडी पाडली आणि छताचा पंखा थांबला. बाबा म्हणाले, "वीज गेली." मग त्यांनी पाहिलं की रस्त्यावरची सायकल तिरकी होऊन उभी आहे, तिच्यावरचा माणूसही तसाच, पाय न टेकता.

झेंडी पाडली की जग थांबतं. पाडताना मीटरचा चामडी पट्टा ज्यांच्या हातात असेल, त्यांचंच चालू राहतं. झेंडी उचलली की सगळं पुन्हा सुरू. आतल्या चकतीवर किती तास उरलेत ते दिसतं आणि ते भरता येत नाहीत. बाबांचा एकच इशारा असायचा, "फुकट नाही हां हे. जग थांबतं, तू थांबत नाहीस. भाडं आपल्याच अंगावर पडतं." म्हणजे आपण तेवढे म्हातारे होतो.

आमच्या घरात सगळ्यांच्या खिशात खडू असायचा. झेंडी पाडण्याआधी आपल्या पावलांभोवती रेघ मारायची आणि उचलण्याआधी बरोबर त्या रेघेत येऊन उभं राहायचं, नाहीतर समोरच्याला वाटतं की माणूस उडी मारून भलतीकडे गेला. घराच्या फरशीवर कायम तिघांची पावलं काढलेली असायची. येणारी गिऱ्हाइकं विचारायची, "नाच शिकवता का इथे?" बाबा म्हणायचे, "हो, पण हळू शिकवतो."

ताई मीटर फार कमी वापरायची. परीक्षेच्या आधी अर्धा तास झोपायला, बस. मी इतक्या वर्षांत मिळून वर्षभर तरी वापरलं असेल, कशाला ते विचारू नका.

कलम ४. भूमितीच्या मास्तरांची मी माफी मागतो आणि माझी कंपासपेटी त्यांना देतो. शेवटच्या पेपराला मी मीटरचा डबा पिशवीत नेला होता. दुसऱ्या प्रश्नावर झेंडी पाडली, म्हटलं निवांत विचार करू. खिडकीबाहेर एक चिमणी हवेत अडकली होती, पंख उघडे. ती बघायला बाहेर गेलो. मग नदीकडे गेलो, तिथे थांबलेल्या पाण्यावर चालता येतं का ते पाहिलं (येत नाही, पाय आत जातो आणि तेवढंच भोक राहतं). परत आलो तेव्हा दोन दिवस गेले होते आणि प्रश्न काय होता तेच आठवेना. छत्तीस मार्क. मास्तर म्हणाले, "तुला वेळ कमी पडला का रे?" मला एवढं हसू आलं की त्यांनी मला वर्गाबाहेर काढलं. त्यांना ते हसू उद्धटपणाचं वाटलं. ते तसं नव्हतं.

कलम ५. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ताईला फक्त आकडा माहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी दुपारी सव्वाचारला बाबा दुकानात उभे होते. म्हणाले, "अरे, तो..." आणि छातीला हात लावून खाली बसले. मी मीटरजवळ होतो. झेंडी पाडली. विचार केला नाही, हात आपोआप गेला. ताई आतल्या खोलीत टॉवेलांच्या घड्या घालत होती.

मी वेळ वाया घालवला नाही, निदान सुरुवातीला. पुढच्या चौकातला डॉक्टर जांभई देत बसला होता, त्याला हातगाडीवर घालून आणला. त्याची बॅग आणली. हॉस्पिटलातून प्राणवायूची टाकी ओढत आणली. बाबांच्या डोक्याखाली उशी दिली. सगळं तीन आठवड्यांत मांडून झालं. आता फक्त झेंडी उचलायची होती.

ती मी उचलली नाही. कारण ती उचलली की काय होईल ते मला माहीत नव्हतं, आणि उचलली नाही तोवर बाबा होते.

मग मी डॉक्टरची पुस्तकं वाचायला घेतली. मोठे शब्द मला जमत नाहीत, तरी यकृतापर्यंत पोचलो. हृदय त्याच्या पुढच्या भागात होतं. ते कपाटात नव्हतं, कुणीतरी वाचायला नेलेलं. मग शोधायला दुसऱ्या गावी चालत गेलो, तिथून तिसऱ्या, आणि मग मी मी असल्यामुळे समुद्रापर्यंत गेलो. बेकऱ्यांतले पाव सगळीकडे ताजे होते. अकरा महिने सव्वाचारच वाजले होते. सूर्य एकाच जागी, माझी सावली कायम एकाच बाजूला.

अधूनमधून घरी यायचो. बाबांजवळ बसायचो. आत जाऊन ताईशी बोलायचो, ती हातात टॉवेल धरून उभी. तिला सांगायचो की आज अमुक पाहिलं. तिलाही त्या थांबलेल्या वेळात आणायचं असेल तर झेंडी एकदा उचलून, तिच्या हातात पट्टा देऊन पुन्हा पाडायला हवी होती. दोन क्षण. त्या दोन क्षणांची मला भीती वाटली. एवढंच. दुसरं कारण नाही.

शेवटी उचलली, ती धैर्य आलं म्हणून नाही. कंटाळा आला म्हणून. बाबा भांडत नव्हते. मी त्यांच्या दुकानात सगळं उलटंसुलटं ठेवलं होतं आणि कोणी मला ओरडत नव्हतं. खडूच्या रेघेत उभा राहिलो आणि झेंडी उचलली.

बाबा म्हणाले, "...पंखा बंद कर, वारा लागतोय."

मी बंद केला. डॉक्टरने जांभई पूर्ण केली, आजूबाजूला पाहिलं, आणि त्या भल्या माणसाने काही न विचारता वीस मिनिटं जिवापाड प्रयत्न केले. उपयोग झाला नाही. पडदा सारून ताई बाहेर आली. तिने बाबांकडे पाहिलं, टाकीकडे, हातगाडीकडे, मग माझ्या छातीपर्यंत आलेल्या दाढीकडे.

"किती?" ती म्हणाली.

"अकरा महिने."

"आणि मी आत टॉवेल घडी करत होते."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. तेराव्या दिवशी मी निघालो, तो अजून फिरतोच आहे.

कलम ६. घरातला माझा अर्धा हिस्सा ताईला. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढते, दिवसभर उभी असते. दुकानाच्या जागेत तिने स्वतःचं काहीतरी काढावं.

कलम ७. मीटर, पट्टा आणि त्यातला उरलेला तास ताईला. तिने तो कशासाठी वापरावा हे मी सांगणार नाही. माझ्या हातून तिचं जे गेलं, ते एका तासात भरून येणार नाही, हे मला कळतं.

पुरवणी. वरचं लिहून झालं तेव्हा साडेतीन वाजले होते. कारकूनबाईंनी नियमाप्रमाणे वारसाचा पत्ता खरा आहे का म्हणून सकाळीच ताईच्या दुकानात फोन केला होता, हे मला माहीत नव्हतं. ताई दारात उभी होती, धापा टाकत, चष्म्याच्या दुकानातला पांढरा कोट अंगावर तसाच.

"मेलास का?" ती म्हणाली.

"नाही. उद्या चढायचंय."

"मग मृत्युपत्र कशाला?"

"नियम आहे."

तिने कागद ओढून घेतले आणि उभ्यानेच सगळे वाचले. कलम पाच दोनदा वाचलं. कारकूनबाई शिक्का उचलून वाट बघत होत्या. ताईने माझ्या पिशवीतून मीटरचा डबा काढला, पट्टा माझ्या हाताभोवती एकदा आणि स्वतःच्या हाताभोवती एकदा गुंडाळला.

"ताई, तो तुझा तास आहे. नंतर वापर."

"माझा आहे ना? मग गप्प बस." आणि तिने झेंडी पाडली.

शिक्का हवेत राहिला. आम्ही बाकावर बसलो. ती म्हणाली, "सांग. बाबा कसे दिसत होते?"

मी सांगितलं. हनुवटीवर दाढीचा एक पांढरा ठिपका राहिला होता, तो. शर्टाच्या खिशातली पेन्सिल. अर्धं उघडं तोंड, "तो" म्हणताना होतं तसं. मी त्यांना काय काय सांगत बसायचो ते. ती मधेच हसायची, मधेच डोळे पुसायची. म्हणाली, "यकृतापर्यंत वाचलंस? शाळेत धडा पूर्ण वाचला नाहीस कधी."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "बाबांच्या अकरा महिन्यांचा हिशेब मी मागत नाही रे. मी असते तर मीही उचलली नसती. पण तू माझ्याहून तीन वर्षांनी लहान होतास. आता एकानेच आहेस. आणखी थोडं चालवलं असतंस तर मला तुला दादा म्हणावं लागलं असतं. एवढं सगळं एकट्याने म्हातारं व्हायचं, आणि मग घर सोडून पळायचं. याचा राग होता."

"बोलली का नाहीस?"

"तू थांबलास कुठे ऐकायला?"

मग आम्ही उठून आधीच्या जागी परत आलो. चकती शून्यावर आली आणि झेंडी आपोआप वर गेली. शिक्का टेबलावर आदळला.

कारकूनबाई म्हणाल्या, "चला, दुसरा साक्षीदार कोण?" ताई म्हणाली, "मी." बाईंनी मान हलवली. "ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार होता येत नाही. सही केलीत तर तुमच्या नावाचं सगळं रद्द."

"मला काय काय ठेवलंय?"

"अर्धं घर. आणि एक मीटर," मी म्हणालो.

"मीटर संपलं. आणि अर्धं घर घेऊन काय करू, अर्ध्यात हा राहायला नको का?" तिने पेन मागितलं.

सबब कलम ६ आणि ७ रद्द समजावीत. बाकीची कलमं कायम. वरील सर्व मी माझ्या हाताने लिहिलं, खाडाखोडीसकट.

ठिकाण: कंपनीचं ऑफिस, मनोऱ्याच्या पायथ्याशी, खिडकीजवळचा बाक.
दिनांक: शिक्क्यावर आहे ती.

लिहून ठेवणाराची सही: (भोवरा)

साक्षीदार क्र. १: कंपनीची कारकून. माझ्यासमोर लिहिलं. शिक्का मारताना एक क्षण हात जड वाटला, कारण कळलं नाही.

साक्षीदार क्र. २: लिहून ठेवणाराची थोरली बहीण. तो शुद्धीवर आहे की नाही याची खात्री मी देत नाही, पण सही त्याचीच आहे. पहिला मनोरा रंगवून झाला की शनिवारी घरी यायचं त्याने कबूल केलं आहे. कंपनीने या कागदाची नक्कल ठेवावी. मूळ कागद मी घेऊन जाते, न्यायला त्यालाच यावं लागेल.