साहेबांची किक

४ मार्च, सकाळी
साहेब गेले. बातम्यांत सारखी तीच किक दाखवतायत, हवेत दोनदा फिरून मारलेली. ती माझी. बावीस वर्षं सिनेमात साहेबांच्या जागी मी उड्या मारल्या, पण तोंडातून ब्र काढला नाही. आताही काढणार नाही.

५ मार्च
शोकसभा रविवारी. टीव्हीवर लाइव्ह. साहेबांचा मुलगा मला स्टेजवर बोलावणार, हे उघड आहे. फोन आलेला नाही, पण एवढ्या दुःखात फोन कुणाला सुचतो? शिंप्याकडे कोट सैल करायला टाकला. त्याला सांगून ठेवलं, रविवारी टीव्ही बघ.

६ मार्च
भाषण लिहिलं. बापाच्या लॉन्ड्रीत इस्त्री करता करता साहेब आरशासमोर ठोसे मारायचे, तिथून सुरुवात. शेवटी किक. खुलासा-बिलासा नाही, नुसती मारून दाखवायची. लोकांना कळायचं ते कळेल.

७ मार्च
प्रॅक्टिस केली. कपाटाला पाय लागला. कपाट जरा पुढेच आहे. बायको गुडघ्याला मलम चोळताना म्हणाली, वय पासष्ट आहे. मला माहीत आहे.

८ मार्च
किक रद्द. शोकसभेत बरं दिसत नाही. भाषण पुरे.
दुपारभर एकच आठवत राहिलं. तिसऱ्या मजल्यावरून मारलेल्या उडीत माझा खांदा मोडला, त्याच आठवड्यात साहेबांनी मुलाखतीत सांगितलं की सगळे स्टंट मीच करतो. मग मला फोन केला. म्हणाले, "खांदा कसा आहे रे?" एवढंच. माझा राग तिथेच गेला होता. फार माया होती माणसाला.

९ मार्च, रविवार, संध्याकाळी
गेटवर यादीत नाव नव्हतं. गार्ड म्हणाला, फॅन लोकांची रांग डावीकडे. उभा राहिलो. साहेबांनाही रांगेतून आलेलंच आवडलं असतं.
दोन तासांनी फोटोपाशी पोचलो. मुलाने लगेच ओळखलं, मिठी मारली आणि कॅमेरावाल्याला म्हणाला, "ह्यांना घ्या. बाबांच्या सगळ्या उड्या ह्यांनीच मारल्यात."
कॅमेरा समोर आला आणि मी पाठ फिरवली.
सवय. डबलचा चेहरा दिसला की शॉट वाया, म्हणून कॅमेरा येताच वळायचं. मुलगा दोनदा म्हणाला, "काका, इकडे बघा ना." मान वळेचना. खिशातलं भाषणही आठवलं नाही. मग त्यांनी कुठल्याशा हीरोइनला घेतलं.

१० मार्च
शिंपी फोनवर म्हणाला, पूर्ण कार्यक्रम पाहिला, तुम्ही कुठे होतात? मी सांगितलं, ऐनवेळी जाणं झालं नाही.
बायकोला मात्र विचारलं, काही दिसलं का. ती म्हणाली, "पाठमोरे होतात. खांदे हलत होते."
धाप लागली होती, असं सांगितलं. खरं म्हणजे हुंदका आवरत नव्हता. आज दिवसभर अंथरुणातच आहे.