सूप घेतलेली देवी

४ जाने.
देसाईंकडे जमलो. आमच्या पोस्टकार्ड जमवणाऱ्यांच्या गटाचे प्रमुख, सीवूड्सला चौदाव्या मजल्यावर. भरतकामाची जुनी पोस्टकार्डं हातमोजे घालून उचलतात आणि चहाचा कप त्याच टेबलावर ठेवतात. एका फ्रेंच कार्डावरचे झेंडे मशीनचे, असा निकाल दिला. भिंग धरलं असतं तर टाके लहानमोठे दिसले असते. हाताचेच. पण माझं ऐकणार कोण! मी गावच्या शाळेतला. त्यांच्या मते मला फ्रान्स नकाशातही सापडणार नाही.

७ जाने.
कंपनीत स्टोअरचा हरेश जेवणाच्या सुट्टीत मोबाइल घेऊन आला. "काका, तुमी ती दोऱ्याची कार्डं जमवता ना? ही आमची देवी." शिरवण्याच्या घरात, देव्हाऱ्यात असते. पणजोबा बोटीवर खलाशी, त्यांनी आणलेली. आता कसरीने दोरे खाल्लेत. मार्चात हरेशचं लग्न. त्याआधी देवीचा चांदीचा टाक बसवायचा, असा आजीचा हट्ट. सोनार नाव विचारतो आणि घरात कुणालाच माहीत नाही. नुसती देवी.
बघताक्षणी ओळखली. स्पेनची नाचणारी. बाई छापील, घागरा तेवढा मशीनने रेशमाचा. प्रवाशांच्या गळ्यात मारायचा माल. हातात पंखा.
"हातात सूप हाय बघा," हरेश म्हणाला.
म्हटलं, नीट बघून सांगतो.

८ जाने.
स्पॅनिश कार्डं मी बिस्किटाच्या डब्यात टाकतो. अल्बमच्या लायकीची नाहीत. डबा काढला. तीच बाई निघाली, लिंबू रंगाच्या घागऱ्यात. माझ्याकडे हिची धूळही कुणी पुसली नाही, तिकडे रोज दिवा. सकाळी पूजेला बसलो तर आपल्या देवांकडे नीट बघवेना.

१२ जाने.
मूर्खपणा केला. खात्रीसाठी म्हणून फोटो देसाईंना पाठवला. खात्री कसली? मलाही कळतं, हे दाखवायचं होतं.
लगेच फोन. हसू आवरेना त्यांना. "अहो, पीस म्हणून कचरा, पण गोष्ट काय आहे! येत्या रविवारच्या भाषणात घेतो."
म्हटलं, कुणाच्या तरी घरची देवी आहे.
"नाव नाही घेत हो. नुसतं शिरवणे म्हणू. आणि खोटं थोडंच आहे?"
खोटं नाही. पण ह्यांच्या तोंडून खरंही नको वाटतं. शिरवण्यात असं घर कोणतं, ते पोरंसोरंही सांगतील. म्हातारीच्या कानावर जायला कितीसा वेळ. नातवाच्या लग्नात.

१४ जाने. संक्रांत
शिरवण्याला गेलो. आजीने तिळगूळ दिला, कार्ड मात्र हातात दिलं नाही. "लांबशी बग." कुंकवाने चेहरा जवळजवळ गेलाय.
"सासरा बोलला, वादलान बोट हालली तवा ही खिशान होती. नाव नाय बोलला. तू ओलखतंस हिला?"
ओळखतो, असं बोलून गेलो.
"मंग कोन?"
पुस्तकात बघून सांगतो म्हटलं.
"मी येवढी वरसं बगतंय, याला पुस्तक लागतं." सगळ्या बायका हसल्या. हरेशची आई म्हणाली, "भावोजी, पास करून या."
येताना नेरुळ स्टेशनात उगाच दोन गाड्या सोडल्या. नाचणारी म्हणून सांगितलं तर उद्या तिला कुठे ठेवतील? आणि एखादं नाव ठोकून दिलं तर मी तरी देवासमोर कसा बसणार?

१६ जाने.
देसाईंना पुन्हा फोन. काढा म्हटलं भाषणातून.
"तुम्ही भाविक लोक, तुम्हाला नाही कळायचं. संग्राहकाने तटस्थ राहावं." दर गुरुवारी ह्यांचा उपास असतो. तो बहुधा तटस्थच करत असतील.
गट सोडला. त्यांचं काही अडलं नाही.

१८ जाने. रविवार
भाषण झालं. देवीचा फोटो संध्याकाळी मला आमच्या कामोठ्यातल्याच, गटात नसलेल्या एकाने पाठवला. खाली हसणारी तोंडं. म्हणजे गटाबाहेर गेला. हरेशला फोन लावला, उचलला नाही. लग्नाच्या खरेदीत असेल. किंवा बघितलं असेल.
तेवढ्यात अनोळखी नंबर. सोनार. "टाकावर सूप झकास उठलंय. आता खाली नाव घालायचं. बोला."
म्हटलं, आजींनाच विचारा.
"त्यांनीच तर तुमचा नंबर दिला. म्हनल्या, त्यो ओलखतो."