गणपती कुणाकडे बघतोय

३ जून, अष्टमी
रोहितचं दहावीचं गणित राहिलं. शेजारच्या शेवंताकाकू दारात येऊन म्हणाल्या, "पुलावर बसून गणित येतं व्हय गो?" राग आला. खरं बोलल्या म्हणून जास्तच आला. बंट्या, अल्ताफ आणि हा, संध्याकाळ झाली की तिघं पुलाच्या कठड्यापाशी. यापुढे नुसतं पु.पो. लिहीन. पुलावरची पोरं.
हे गेल्यापासून आळीतला प्रत्येकजण रोहितचा बाप झालाय. ओरडायला सगळे, पोसायला मी एकटी.

९ जून
रोहितला पेणला सोडून घरी रोह्याला परत आले. माझ्या दादाचा गणपतीचा कारखाना. सणापर्यंत तिथंच राहील, संध्याकाळी वहिनी गणित घेतील. दादाने बजावलं, "पॉलिश पेपरने मूर्ती घासायची. ब्रशला हात नाय लावायचा."
निघताना रोहित माझ्याशी बोलला नाही. नको बोलू. मी पण त्याचीच आई आहे. एस.टी.त वडखळपर्यंत रडले, मग भूक लागली.

२८ जून
वहिनींचा फोन. गणितं सुटायला लागलीत. इथे घर खायला उठतं.
अंगणवाडीच्या कामावरून येताना पुलावर पु.पो., दोघंच. अल्ताफ म्हणाला, "चाची, रोहित कधी येनार?" म्हटलं, "तुमची संगत सुटली की." तोंड एवढंसं झालं त्याचं. जरा जास्तच बोलले. असू दे.

१९ जुलै
दादाचा फोन, आवाज चढलेला. पु.पो. बाईकवरून पेणला पोचले. दादा जेवायला घरी गेलेला. बंट्या रोहितला म्हणे, "कधीपास्नं निस्ता घासतोस? डोळे काढून दाखव की!" झालं. आमचा शहाणा स्टुलावर चढला आणि मंडळाच्या मोठ्या मूर्तीचे डोळे आखले. डोळ्यांना दादाशिवाय कुणाचा हात लागत नाही.
रेघ बरी आलीय म्हणे. पण मंडळाचा गणपती उंचावर बसतो, त्याची नजर खाली हवी. याने वर चढून आपल्या डोळ्यांसमोर सरळ आखली. खाली उभं राहिलं की देव डोक्यावरून पलीकडे बघतो.
"घेऊन जा तुझ्या पोराला."
"नाय नेणार," म्हटलं. "पण उद्या येते."

२० जुलै, पेण
वाटलं होतं पु.पो. पळाले असतील. तिघंही कारखान्यात. अल्ताफ डोळे घासून काढतोय, बंट्याने शिडी धरलीय. मला बघून बंट्या म्हणाला, "काकी, मीच बोल्लो त्याला. त्याला नका मारू." रस्ताभर जुळवून आणलेलं भांडण मग काढलंच नाही. तरी बाईकचा विषय निघणार आहेच.
दादापुढे हात जोडले नाहीत. म्हटलं, "चूक त्याची, दुरुस्त पण त्यालाच करू दे." दादाने घासलेल्या डोळ्यांकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "एकदाच. परत चुकला तर तुझ्यासंगट घरी, रोह्याला."
रोह्याला म्हणजे पुलावर. मला माहीत आहे, रोहितलाही.

२१ जुलै, पेण
घासलेल्या डोळ्यांवर दिलेला पांढरा रंग वाळला. रोहित शिडीवर, हातात पेन्सिल. पेन्सिल हवी तितकी पुसू दे, रंग मात्र एकदाच, असं दादाचं. वरून म्हणाला, "आई, तू मंडपातल्या बायकांसारखी खाली उभी रहा. तुझ्याकडे बघतोय का सांग." जूननंतर पहिल्यांदा नीट बोलला.
बुबुळ आखलं. "बघतोय?"
दादा हाताची घडी घालून माझ्याकडेच बघत होता. हो म्हणायला जीभ वळवळली.
"नाय. डोक्यावरून बघतोय."
पुसलं. परत आखलं. "आता?"
"नाय रे."
परत पुसलं. चिडला नाही. घरी असता तर पेन्सिल भिरकावून केव्हाच पुलावर गेला असता.
रोह्याला परतायची गाडी गेली. जाऊ दे. पोरं जेवायला उतरलीत, तेवढ्यात हे लिहितेय. पाय भरून आलेत. अल्ताफने मघाशी खुर्ची आणली होती, मी बसले नाही. जेवणं झाली की परत उभी राहणार. बसले तर नजर चुकेल.