मामाविरुद्ध साक्ष

तीर्थरूप दादास,

हे पत्र तुरुंगात धाडायची छाती मला होणार नाही, तरी लिहिते. तू वहिनीला जिन्यावरून ढकललंस, ते माझ्या आठ वर्षांच्या लेकीने पाहिलं. तरी देवापुढे उभं करून मीच तिला पढवलं, "मामी घसरली, असं सांग."

आज कोर्टात लेक तुला पाहून घाबरू नये म्हणून तुला पडद्यापलीकडे बसवलं होतं, तुला दिसलं नसेल. न्यायाधीशबाई खाली उतरून तिच्याशेजारी बसल्या. पोरीने पाहिलं ते सगळं सांगितलं. मग तुझ्या वकिलाने विचारलं, "बाळ, हे कोणी शिकवलं तुला?"

"आईने शिकवलं होतं. पण ते मी बोललेच नाही. ती म्हणाली होती, मामी घसरली म्हण."

वकिलाचं तोंड एवढंसं झालं. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. बाहेर वहिनी कुबडी टेकत आली, लेकीला कुशीत घेतलं आणि मला म्हणाली, "वन्सं, पोर तुमच्यावर गेली नाही, हे बरं झालं!" कितीतरी दिवसांनी आम्ही दोघी हसलो.

दादा, उद्या तुझा जबाब आहे. खरं ते बोल. भाचीला जमलं, मामाला का जमू नये?

तुझ्यासाठी रोज हात जोडणारी,
तुझी धाकटी