मोहाच्या झाडाची चिंधी

माय, काल तुझ्या झाडाची चिंधी मी माझ्या हातांनी सोडली. हे तुला सांगायला हवं, आणि सांगताना मान वर होत नाही.

नाकाडोंगरीच्या पलीकडे, आपल्या गावात, जंगल आता ग्रामसभेच्या ताब्यात आलं आहे. मोहफुलं, तेंदूपत्ता सगळे मिळून गोळा करतात, मिळून विकतात. निवृत्तीनंतर एक संस्था मला अशा सभांना बोलायला नेते; गोंडाच्या घरातली, कॉन्व्हेंटात शिकलेली बाई त्यांना बरी वाटते. सकाळी बाया आम्हाला जंगल दाखवत होत्या. एका मोहाखाली गुडघ्याएवढी रोपं उभी होती. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून बाकीच्या झाडांखाली पाला जाळतात, त्यात रोपं जळतात; इथे कोणी काडी लावली नव्हती. सभेत मी त्याच झाडाचं उदाहरण दिलं. जंगल राखलं तर खालच्या तलावात पाणी राहतं, तलावावर धान पिकतो, आणि आज राखलेल्या रोपांवर नातवंडं फुलं वेचतील, असं पुष्कळ बोलले. इतकं छान राखलेलं झाड कोणाचं, असंही विचारलं.

शेजारची काकी आता पार वाकली आहे. बसल्या जागेवरून ती म्हणाली, "तुयंच होय ना वो बाई. वळखलं नाही का?" बाया हसल्या. मीही हसले.

मग तिने सांगितलं, आणि मला सगळं आठवलं. तू गेल्यावर, तुझ्या दिवसांच्या जेवणाला तिने मला विचारलं होतं, यंदा तुझ्या झाडाची फुलं कोण वेचणार. तिच्या घराच्या वाट्याला झाड नव्हतं. मी चारचौघांत ताठ आवाजात म्हणाले होते, आईचं झाड माझंच राहील, मी दर चैत्रात येईन. तेव्हा ते शोभून दिसलं. भंडाऱ्याला परतले आणि विसरले. चिंधी बांधलेल्या झाडाला दुसऱ्याने हात लावायचा नाही, हे तूच मला शिकवलं होतंस. काकी दर होळीला जुनी चिंधी काढून नवी बांधत राहिली, माझ्या नावाने. फुलं हरणांनी खाल्ली, अस्वलांनी खाल्ली, उरली ती सडली, आणि काकी टोपली घेऊन दूरच्या, कोणाच्याच नसलेल्या झाडांपर्यंत चालत गेली.

एखाद्या वर्षी तरी तू वेचायची होतीस, मी म्हणाले.

"तू म्हनली होती ना, येतो म्हनून. मंग आमी कायले हात लावतो?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

सभेनंतर आम्ही दोघी झाडाकडे गेलो. मी चिंधी सोडून तिच्या हातात दिली. तिने झाडाला हात जोडले आणि तीच पुन्हा बांधली, या वेळी स्वतःच्या नावाने. निघताना तिने वाळलेल्या मोहफुलांचा पुडा माझ्या पिशवीत घातला, तुझ्यासारखाच, पळसाच्या पानात बांधलेला.

शाळेतला तो भेटीचा रविवार आठवतो? तू असाच पुडा सिस्टरच्या हातात ठेवतेस, ती विचारते हे काय. मोह म्हटलं की दारू आठवणाऱ्या मुली शेजारी उभ्या आहेत. मी पटकन सांगते, मनुका आहेत. तू फक्त माझ्याकडे पाहतेस. फाटकाशी आल्यावर म्हणतेस, "मोहाले मोह म्हनाले लाजू नोको. त्याच्यावरच तू इथं शिकून राहिली."

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून शेवटचंही लिहून टाकते. परतताना बसमध्ये शेजारच्या बाईंना पिशवीतला गोड वास आला. काय आहे, त्यांनी सहज विचारलं. मी सभेत तासभर मोहाविषयी बोलून आले होते, माय.

मनुका, म्हणाले.