मंडपाखालचा मोरपिशी

४ मार्च
शिंदेकाका दुपारी दुकानात आले. गल्लीच्या तोंडाशी त्यांचे रेडिमेड कपड्यांचे मोठे दुकान. व्यापारी मंडळाचे सचिवही तेच. पाडव्याआधी पंधरा दिवस 'आपल्या रहाटणीत खरेदी' उत्सव. मॉलकडे जाणारे गिऱ्हाईक गल्लीत वळवायचे. कुपने, सोडत, पहिले बक्षीस स्कूटर. "दहावीला मराठीत पहिली आलेली पोरगी गल्लीत असताना पत्रक बाहेरून कशाला लिहून घ्यायचं?" मी मान डोलावली. नाही म्हणणे मला जमत नाही. हो म्हणणेही तोंडाने जमत नाही.

६ मार्च
पत्रक पूर्ण. चार वेळा खोडले. 'संपूर्ण गल्लीवर मंडपाची सावली. उन्हाची चिंता घरी ठेवून या.' या वाक्याचा अभिमान वाटला.
आईला वाचून दाखवले. तिने नेमके तिथेच थांबवले. "म्हंजे माझ्या दारावर बी कापड येणार?"
आमचे मॅचिंग सेंटर सहा फूट रुंद. अस्तर, फॉल, ब्लाउजपीस यांचे गठ्ठे छतापर्यंत आणि ट्यूब एकच. गिऱ्हाईक साडी आणते, आई कापड घेऊन पायरीवर उतरते, दोन्ही उन्हात शेजारी धरते. रंग ठरतो तो पायरीवर.
"काकांना सांग, माझ्या दारापुरतं गुंडाळून ठिवा म्हणावं. उजेडाबिगर मला रंग कळायचा न्हाई."

८ मार्च
पत्रक द्यायला गेले. काकांच्या दुकानात मंडळाचे पाच-सहा जण. एकाने पत्रक मोठ्याने वाचले, सावलीच्या वाक्याला "वा!" मिळाली. काका म्हणाले, "मंडप सलग घ्यायचा राव, मधी कुठं भोक नको. फोटो झकास येतो."
माझे वाक्य तयार होते. वाटेत तीनदा घोळवलेले, कर्ता-कर्म-क्रियापदासह. तसेच परत आणले.
आई: "सांगितलंस?"
"हो."

१४ मार्च
मंडप लागला. पिवळाधमक, सलग. आई पायरीवर उभी राहून किती तरी वेळ वर पाहत होती. "तू सांगून बी ऐकलं न्हाई बघ. एवढ्याशा दुकानाचं कोण ऐकतंय."
मी आत जाऊन बटणांच्या बरण्या पुसल्या. स्वच्छच होत्या.

१७ मार्च
गर्दी खरोखर लोटली. रावेतहूनही लोक आलेले. पण कुपन पाचशेच्या खरेदीवर. अस्तर-फॉलसाठी पाचशे कोण मोडते? आमचे कुपनाचे पुस्तक कोरेच. एकीने दारातून विचारले, "इथे कुपन मिळतं का?" आई म्हणाली, "इथं फॉल मिळतो बाई." दोघीही हसल्या. बाई पुढे गेली.

२० मार्च
समोरच्या इमारतीत ब्लाउज शिवणाऱ्या लताताईंनी चाकणची एक बाई पाठवली. आमची निम्मी गिऱ्हाइके त्यांचीच. आईच्या नजरेवर त्यांचा डोळे झाकून विश्वास. मोरपिशी साडी, घरात लग्न, घाई. आई साडी आणि तीन पीस हातांवर घेऊन मोठ्या रस्त्याच्या उजेडाकडे निघाली. दहा पावले गेली असेल. गर्दीने परत लोटले. पायरीवर त्या पिवळ्या उजेडात तिने पुन्हा पुन्हा कापड फिरवले. शेवटी एक दिला.
बाई गेल्यावर म्हणाली, "बरोबर असंल ना गं?" हा प्रश्न तिने आजवर मला कधी विचारला नव्हता.

२३ मार्च
लताताई आल्या. "वहिनी, हे बघा. साडीत निळी झाक आहे. तुमचा पीस निव्वळ हिरवा."
"वर बघा की ताई. ऊन कुठंय?"
"ते मी गिऱ्हाइकाला सांगू का? हळदीत चारचौघींत बोलली ती मला."
आईने दुसरा पीस काढून दिला. त्यांनी घेतला नाही. आवाज चढवला असता तर बरे झाले असते.

२ एप्रिल
मंडप उतरला. पायरीवर ऊन आहे. लताताईंकडचे कोणी नाही.

१९ जून
त्यांची गिऱ्हाइके आता मॉलजवळच्या मोठ्या मॅचिंगवाल्याकडे जातात. लताताई रस्त्यात भेटल्या की "बरं आहे ना?" एवढेच विचारतात. पूर्वी "आज भाजी काय केलीत?" असे.
आई शेजारणींना सांगते, "माझ्या पोरीनं मंडळाला आधीच बजावलं होतं." दरवेळी सांगते. माझ्यासमोर सांगते.

५ ऑक्टोबर
आई माल आणायला पुण्यात गेली असताना शिंदेकाका आले. आता दिवाळी उत्सव, पुन्हा मंडप. "मागचं पत्रक लय गाजलं पोरी, तसंच लिही." उद्या चार वाजता सभा.
आईला सांगितले. गठ्ठे उतरवता उतरवता ती म्हणाली, "या वेळी तू नको जाऊस. तू येवढं नीट सांगितलंस तरी मानलं न्हाई. मीच जाते. तोंडावर इचारते काकांना, माझ्या पोरीचं का ऐकलं न्हाई म्हणून."
काका काय उत्तर देतील ते मला ठाऊक आहे. ते खोटेही नसेल.

६ ऑक्टोबर
सकाळी आईला उद्देशून दोन पाने लिहिली. वाक्ये निर्दोष होती. फाडली. कागद तिच्या हाती देऊन मी पुन्हा गप्पच बसले असते.

दुपारी दोन. आई पायरीवर एका बाईला गुलाबी दाखवते आहे. "ह्यो नको, ह्यो उन्हात फिका पडतोय." लताताईंनी न घेतलेला मोरपिशी पीस अजून गल्ल्याशेजारी आहे. घडी न मोडता तिने तो तसाच ठेवला आहे.

तीन पंचवीस. तोच पीस तिने पिशवीत घातला, सभेत दाखवायला. चपला शोधते आहे. मला हाक मारते आहे, दुकानात बस म्हणून.
वही मिटते, ती निघायच्या आत सांगायला. पहिले वाक्य अजून तयार नाही.